भाकरीत कणीक आहे का, एवढं खरं सांगा

नागपुरातल्या हॉटेल, भोजनालय, बेकरी आणि मिठाईच्या दुकानांच्या मालकांना खुले पत्र

मंडळी, सप्रेम नमस्कार.

मागच्या उन्हाळ्यात माझी नणंद पुण्याहून आली होती. तिला सावजी खायचं होतं, म्हणून आम्ही नऊ जण एका भोजनालयात गेलो. माझी मुलगी पंधरा वर्षांची आहे आणि तिला सिलिॲक नावाचा आजार आहे. गहू तिला चालत नाही, चिमूटभरसुद्धा नाही. बसायच्या आधीच मी वाढणाऱ्या मुलाला विचारलं, "भाऊ, भाकर नुसत्या ज्वारीची आहे ना?" तो म्हणाला, "हो ताई, प्युअर ज्वारी." रश्शाला कणीक लावता का, तेही विचारलं. "नाही जी." लेक पोटभर जेवली. कितीतरी महिन्यांनी बाहेर जेवताना तिच्या ताटात आमच्या ताटातलंच अन्न होतं. रात्री दोन वाजता उलट्या सुरू झाल्या. मग चार दिवस पोट बिघडलेलं, आणि पुढचे पंधरा दिवस तोंड आलेलं आणि जिना चढताना धाप.

आठवड्याने मी एकटीच तिथे परत गेले. भांडायचं नव्हतं, कळून घ्यायचं होतं. दुपारचे चार वाजले होते, गर्दी नव्हती. मागच्या बाजूला भाकरी थापणाऱ्या मावशी बसल्या होत्या. त्यांना विचारलं तर सहज म्हणाल्या, "नुसत्या जवारीची भाकर तुटते न बाई. दोन मुठी कणीक टाकतो आमी, मंग थापाले सोपी जाते."

मावशींनी काही लपवलं नव्हतं. वाढणारा मुलगाही खोटं बोलला नव्हता, त्याला ते ठाऊकच नव्हतं. मी ज्याला विचारलं त्याच्याकडे उत्तर नव्हतं, आणि मावशींना कोणी विचारायला गेलं नव्हतं. त्या दोघांमध्ये जेमतेम वीस पावलांचं अंतर होतं. ते अंतर मिटावं, एवढ्यासाठी मी तुम्हाला लिहिते आहे.

आधी आजाराबद्दल थोडं सांगते, कारण तो नीट कळला तर पुढचं सगळं सोपं आहे. गहू, जव आणि राय (मोहरी नव्हे, गव्हासारखंच एक धान्य) या धान्यांत ग्लुटेन नावाचं प्रथिन असतं. कणीक मळल्यावर तिला जो चिवटपणा येतो, तो त्याचाच. सिलिॲक असलेल्या माणसाच्या पोटात ग्लुटेन गेलं की त्याची स्वतःचीच प्रतिकारशक्ती लहान आतड्यावर उलटते. आतड्याच्या आत मखमलीसारखी लव असते, अन्नातलं सत्त्व तीच शोषून घेते. ती लव झडून सपाट होते. मग माणूस कितीही जेवला तरी अंगी लागत नाही. माझी लेक आठ वर्षांची असताना दीड वर्ष लोहाच्या गोळ्या खात होती आणि हिमोग्लोबिन हलत नव्हतं. वर्गात सगळ्यांत बुटकी, पोट फुगलेलं, चिडचिड. कोणी जंत म्हणालं, कोणी नजर म्हणालं. शेवटी एका डॉक्टरांनी टीटीजी नावाची रक्ताची तपासणी करायला सांगितली, नंतर दुर्बीण घालून आतड्याचा तुकडा तपासला, आणि निदान झालं. यावर औषध नाही, इंजेक्शन नाही. आयुष्यभर ग्लुटेन वर्ज्य करायचं, हाच उपचार. तिच्यासाठी जेवण हेच औषध आहे, म्हणून त्यात भेसळ झाली की आम्ही घाबरतो.

"थोड्याने काय होते?" हा प्रश्न मला तुमच्यातल्या अनेकांनी प्रेमाने विचारला आहे. त्याचं उत्तर आकड्यांत देते. अन्नसुरक्षेच्या आपल्या देशातल्या नियमानुसार ज्या पदार्थावर ग्लुटेन-फ्री लिहायचं, त्याच्या एका किलोत ग्लुटेन 20 मिलिग्रॅमच्या वर असता कामा नये. आंतरराष्ट्रीय मर्यादाही हीच आहे. आता गव्हाच्या ब्रेडची एक स्लाइस घ्या. तिच्यात साधारण दोन ग्रॅम, म्हणजे 2000 मिलिग्रॅम ग्लुटेन असतं. पोळी भाजलेल्या तव्यावरची पिठी, पुरी काढलेला झारा, ज्या परातीत सकाळी कणीक मळली तिच्या कडेला वाळलेला थर, एवढंही माझ्या लेकीला आजारी पाडायला पुरतं. आणि ग्लुटेन म्हणजे जंतू नव्हे. उकळल्याने, तळल्याने, भट्टीत भाजल्याने ते मरत नाही. ते साबणपाण्याने घासून काढावं लागतं किंवा मुळात तिथे येऊच द्यायचं नसतं.

दुसरं म्हणजे, हे नवीन खूळ आहे असं अनेकांना वाटतं. तो समज का झाला, हे मला कळतं. वजन कमी करायला म्हणून गहू सोडणारे लोक येतात, भाकरी मागवतात आणि शेवटी गुलाबजाम खातात. ते पाहून तुमच्या माणसाला वाटतं, या बाईंचंही तसंच असेल. पण या आजारामागचं कारण सापडलं ते नेदरलँड्समध्ये, दुसऱ्या महायुद्धाच्या सुमारास. विलेम डिके नावाचे बालरोगतज्ज्ञ हेग शहरात अशा खंगलेल्या मुलांवर उपचार करत होते. गव्हावर त्यांचा संशय आधीपासून होता. 1944-45 च्या हिवाळ्यात तिथे भीषण उपासमार झाली, पाव मिळेनासा झाला, लोक ट्यूलिपचे कंद खाऊन जगले. त्या काळात ही आजारी मुलं सुधारली, आणि पुरवठा सुरळीत होऊन पाव परत आला तशी पुन्हा आजारी पडली. त्या मुलांना कुणी डाएट शिकवलं नव्हतं.

उत्तर भारतात झालेल्या पाहण्यांत हा आजार सुमारे शंभरात एकाला आढळला आहे, दक्षिणेत त्याहून बराच कमी. आपलं नागपूर दोन्हींच्या मधलं. 2011 च्या जनगणनेत शहराची लोकसंख्या 24 लाखांच्या वर होती. शंभरात एक सोडा, दोनशेत एक धरला तरी बारा हजार माणसं होतात. त्यांतल्या बहुतेकांना आपल्याला काय झालं आहे हेच माहीत नसतं. ज्यांना माहीत आहे ती माणसं तुमच्या दारावरून पुढे निघून जातात, म्हणून ती तुम्हाला दिसत नाहीत.

आता मला जे मनापासून सांगायचं आहे त्याकडे येते. ग्लुटेन-फ्री म्हटलं की तुमच्या डोळ्यांसमोर महागडा परदेशी पास्ता आणि साडेचारशे रुपयांचा पाव येतो. ते आम्हाला नको. आपल्या नागपूरचं निम्मं खाणं मुळातच गव्हाविना आहे. पूर्व विदर्भ हा भाताचा मुलूख, भंडारा-गोंदियाचा तांदूळ आपल्या घराघरात. पश्चिमेकडे ज्वारी. आजीच्या लहानपणी पोळी सणावारी होत असे, रोज भाकरच असायची. वडाभात घ्या: भात, डाळीचे वडे आणि वरून लसूण-मिरचीचं कडकडीत तेल, यात गहू कुठे आहे? पाटवडी बेसनाची, तिचा रस्सा कांदा-खोबरं-खसखशीचा. चून-भाकर, भरली वांगी, डाळकांदा, जवसाची चटणी, ठेचा. सकाळचे तर्री-पोहे म्हणजे तांदळाचे पोहे आणि हरभऱ्याची तर्री. महालक्ष्म्यांच्या जेवणात ज्वारीची आंबील असते, आणि माझी लेक त्या दिवशी दोन वाट्या जास्त घेते, कारण नैवेद्यातल्या त्या एका पदार्थाबद्दल तिला कोणालाच काही विचारावं लागत नाही. संत्रा बर्फी खवा, साखर आणि संत्र्याच्या गराची.

म्हणजे पदार्थ नवीन करायचाच नाही. त्यात गहू कुठून शिरतो तेवढं पाहायचं आहे. आणि तो शिरतो ती दारं मी सहा वर्षांत एकेक करून शोधली आहेत.

पहिलं दार हिंगाचं. हे ऐकून बहुतेक जण चमकतात. शुद्ध हिंग फार उग्र असतो, म्हणून बाजारात मिळतो तो बांधानी हिंग, म्हणजे पिठात आणि डिंकात कालवून सौम्य केलेला. ते पीठ पुष्कळदा गव्हाचं किंवा मैद्याचं असतं. तुमच्या वरणात, सांबारात, कढीत, पाटवडीत, पापडात तोच पडतो. डबी उलटी करून बारीक अक्षरं वाचा. तांदळाचं पीठ वापरून केलेला हिंगही बाजारात मिळतो. इतवारीतल्या तुमच्या नेहमीच्या किराणावाल्याला एकदा सांगून ठेवा. स्वयंपाकघरात वर्षभराला हिंग लागून लागून किती लागणार? एवढी एक डबी बदलली की तुमच्या निम्म्या भाज्या आणि सगळी वरणं एका दिवसात आमच्यासाठी उघडतात. दुसरं काहीच जमलं नाही तरी एवढं कराच, ही माझी हात जोडून विनंती आहे.

दुसरं दार कढईचं. मूगवडे डाळीचे, पण त्याच तेलात आधी समोसे आणि कचोरी तळलेली असते. आलूबोंड्याचं पारीचं पीठ बेसनाचं, पण बाजूच्या परातीतला मैदा त्यात उडतो. सांबारवडीचं सारण भरपूर सांबाराचं, म्हणजे कोथिंबिरीचं, कव्हर मात्र बहुधा मैद्याचं, आणि तीही त्याच कढईत. चिवड्यात शंकरपाळ्याचे तुकडे मिसळलेले असतात. चायनीजच्या गाडीवरचा फ्राइड राइस तांदळाचा, पण सोया सॉसमध्ये पुष्कळदा गहू असतो.

तिसरं दार गिरणीचं. ज्वारी तुम्ही चांगली निवडून आणता, पण ती गव्हाच्या मागोमाग त्याच जात्यातून निघते. घरी आम्ही यासाठी छोटी चक्की घेतली. तुम्हाला रोज वीस-पंचवीस किलो पीठ लागत असेल तर गिरणीवाल्याशी बोलून आठवड्यातून एकदा, जातं झाडून, पहिला घाणा तुमच्या ज्वारीचा काढून घेता येईल. त्यातले पहिले दोन किलो तुमच्या नेहमीच्या भाकरीला वापरा आणि पुढचं पीठ वेगळ्या झाकणाच्या डब्यात भरा. आणि भाकर तुटते म्हणून कणीक घालायची गरज नाही. पाणी कडकडीत घ्या, पीठ ताजं घ्या, हवी तर थोडी उडदाची डाळ ज्वारीबरोबर दळा. त्या मावशींना मी हे सांगितलं तेव्हा त्या म्हणाल्या, "आमची माय असंच करे." त्यांना माझ्याहून चांगलं येत होतं. फक्त घाईत कणीक सोपी पडते.

आता तुम्ही म्हणाल, एवढं वेगळं-वेगळं कोण सांभाळणार? यावर मी तुमच्याशी थोडं वाद घालणार आहे. वेगळं सांभाळणं तुम्हाला शिकवायला नको. एकादशीला, चतुर्थीला, नवरात्रात तुमच्याकडे साबुदाण्याची उसळ, साबुदाणा वडा, भगर, राजगिऱ्याच्या पुऱ्या होतात. त्या दिवशी उपवासाची कढई वेगळी, तेल वेगळं, झारा वेगळा, मीठसुद्धा सैंधव. गिऱ्हाईक विचारतं, "कांद्याचा हात नाही ना लागला?" आणि तुम्ही छातीवर हात ठेवून सांगता की नाही लागला. जैन थाळी करणारे कांदा-लसणाचं भांडंही जवळ येऊ देत नाहीत. शाकाहारी आणि मांसाहारी पातेली आणि चमचे कित्येक ठिकाणी रंग लावून वेगळे ठेवलेले मी पाहिले आहेत. ही शिस्त तुमच्या हाताला आहे. श्रद्धेसाठी जे इतकं चोख करता, तेच एका लेकराच्या आतड्यासाठी करा, एवढंच मागते आहे. खरं तर उपवासाचे दिवस हेच माझ्या लेकीचे बाहेर खायचे दिवस आहेत. तिच्या मैत्रिणी तिला विचारतात, तू एवढे उपवास का करतेस म्हणून.

बेकरीवाल्यांना मला वेगळं लिहायचं आहे, कारण तुमची अडचण खरी आहे आणि मोठी आहे. जिथे रोज मैद्याची पोती उघडतात, खारी आणि टोस्ट निघतात, तिथे हवेतच मैदा असतो. उडालेली पिठी तासन्‌तास खाली बसत नाही. तुम्ही शुद्ध तांदळाच्या पिठाचा केक केलात तरी तो त्या हवेत फेटला, त्या टेबलावर ठेवला, त्याच सुरीने कापला, की तो आमचा राहत नाही. म्हणून तुमच्याकडून मला आधी नेमके शब्द हवे आहेत. 2023 हे आंतरराष्ट्रीय भरडधान्य वर्ष म्हणून साजरं झालं, तेव्हापासून धरमपेठेपासून मनीषनगरापर्यंत काचेमागे नाचणी कुकीज, ज्वारी क्रॅकर्स, मिलेट ब्रेड दिसू लागले. मला फार आनंद झाला होता. एका दुकानात "ग्लुटेन-फ्री नाचणी बिस्कीट" अशी पाटी वाचून मी दोन पाकिटं उचलली, आणि काउंटरवरच्या मुलीला सहज विचारलं की यात नाचणीबरोबर काय आहे. ती म्हणाली, "मॅडम, मैदा अजिबात नाही, आम्ही आटा वापरतो." तिच्या मनात खरंच तसं होतं. मैदा म्हणजे वाईट, आटा म्हणजे चांगला. पण मैदा काय, कणीक काय, रवा, दलिया, शेवया काय, सगळा गहूच आहे. खपली गहूसुद्धा गहूच आहे, तो जुना आणि पौष्टिक असला तरी आम्हाला तेवढाच वाईट. घटकांच्या यादीत माल्ट दिसलं तर तेही बहुधा जवाचं असतं.

त्यामुळे ज्यात नाचणी आहे त्यावर "नाचणीयुक्त" लिहा. ज्यात मैदा नाही त्यावर "मैदा नाही" लिहा. ही दोन्ही खरी आणि चांगली वाक्यं आहेत, त्यांना गिऱ्हाईक मिळेल. "ग्लुटेन-फ्री" हे शब्द मात्र तपासणी केल्याशिवाय लिहू नका. बंद पाकिटावर गव्हासारख्या ग्लुटेनयुक्त धान्याची माहिती देणं नियमाने बंधनकारक आहेच. दहा किंवा अधिक ठिकाणी शाखा असलेल्या हॉटेलांनाही ॲलर्जीकारक घटकांची माहिती गिऱ्हाइकाला द्यावी लागते. छोट्या दुकानाला कायद्याने तेवढी सक्ती नसेल, पण माझी लेक छोट्या दुकानातही तितकीच आजारी पडते.

आणि ज्यांना खरोखर करायचं आहे त्यांच्यासाठी रस्ता आहे. गव्हाचा चिवटपणा नसला की केक भुगा होतो, ही तक्रार मी प्रत्येक बेकरीत ऐकली आहे. घरी मी पन्नासेक केक बिघडवून शिकले: तांदळाचं पीठ दोन वाट्या, बटाट्याचा किंवा मक्याचा स्टार्च अर्धी वाटी, आणि धरून ठेवायला दोन चमचे इसबगोल. अंडं चालत असेल तर काम अजून सोपं. पीठ भिजवून अर्धा तास ठेवलं की रवाळपणा जातो. बेसनाची नानकटाई तर आपल्याकडे आधीपासून आहेच, आणि तिला कशाचीच नक्कल करावी लागत नाही. त्रिमूर्तीनगर, प्रतापनगर भागात घरून केक करणाऱ्या बायका आहेत. त्यांच्यातल्या एकीने माझ्यासाठी चाळणी, फेटणी, ब्रश आणि दोन टिन वेगळे काढून त्यांच्यावर निळी चिकटपट्टी लावली आहे. आमचा केक ती सकाळी सर्वांत आधी करते, घरात पोळ्या लाटायच्या आत. तिचं स्वयंपाकघर दहा बाय दहाचं आहे. मोठ्या बेकऱ्यांना स्वतंत्र खोली काढणं जमेल का, मला माहीत नाही, पण दोघातिघांनी मिळून शहरात एक छोटी गहूविरहित भट्टी चालवणं अशक्य नसावं. तिथला माल बंद पाकिटात तुमच्या सगळ्यांच्या काउंटरवर राहील.

आजवर बाहेर खाण्याचा सर्वांत चांगला अनुभव मला कुठे आला, ते सांगते. सीताबर्डीच्या गर्दीतलं एक जुनं इडली-डोशाचं हॉटेल. गल्ल्यावरच्या काकांना मी नेहमीचा प्रश्न विचारला. त्यांनी लगेच हो म्हटलं नाही. आत गेले, पाच मिनिटांनी आले आणि म्हणाले, "बेटा, डोसा नको देऊ हिला. कुरकुरीत व्हावा म्हणून पिठात रवा पडतो. सांबारातला हिंग कोणता, ते आचाऱ्यालाच माहीत नाही, तर सांबार पण नको. इडली तांदूळ-उडदाची आहे, आमचीच दळलेली, आणि खोबऱ्याच्या चटणीत फोडणीला फक्त मोहरी आहे. तेवढं खा." माझ्या डोळ्यांत पाणी आलं. सहा वर्षांत पहिल्यांदा कोणीतरी "नाही" म्हणालं होतं, आणि त्या "नाही"मुळे त्यांच्या "हो"वर मी विश्वास ठेवू शकले. पुढच्या खेपेला काकांनी स्वतः हिंगाची डबी आणून माझ्या हातात दिली, म्हणाले वाचून सांग. आता सांबारही चालतं. घरचा वाढदिवस असो की पाहुणे, आम्ही तिथेच जातो. हिशेब मांडायचा तर असा मांडा: आमच्या घरात न चालणारी एक आहे, पण ती जिथे खाऊ शकते तिथे आम्ही अकरा जण जेवतो.

लग्नकार्यातल्या केटरर मंडळींनाही दोन शब्द. बुफेमध्ये भाताचा चमचा कोशिंबिरीत जातो, वरणाच्या डावाला पुरीचा चुरा लागतो, पाहुणे ते करणारच. पण पंगत सुरू व्हायच्या आधी, पातेल्याची झाकणं पहिल्यांदा उघडतात तेव्हा, एक ताट वाढून झाकून बाजूला ठेवता येतं. तेवढ्याने एक मूल मांडवात सगळ्यांबरोबर जेवू शकतं. आमची लेक आजही लग्नात घरचा डबा नेते आणि खोलीत बसून खाते. गेल्या वर्षीपासून ती लग्नाला यायलाच नको म्हणते.

इटलीत 2005 पासून कायदाच आहे की शाळा, दवाखाने आणि सरकारी खानावळींत मागितलं तर ग्लुटेनविरहित जेवण द्यावं लागतं, आणि तिथल्या रुग्णसंघटनेने प्रशिक्षण दिलेल्या हॉटेलांची संख्या हजारांत आहे. पास्ता आणि पिझ्झावर जगणाऱ्या देशाला जे जमलं, ते भात-भाकरीच्या मुलखाला जमायला हवं. शहरातल्या हॉटेल व्यावसायिकांच्या संघटनेने मनावर घेतलं तर एम्स किंवा मेडिकल कॉलेजमधल्या आहारतज्ज्ञांना बोलावून आचाऱ्यांसाठी एका दुपारचा वर्ग घेता येईल. आचारी बरेचदा छिंदवाडा-बालाघाटकडचे, बिहारचे असतात, तेव्हा तो हिंदीतही घ्या. मालकाला कळून उपयोग नाही, जो मळतो, तळतो, त्याला कळलं पाहिजे. आणि प्रत्येक पाळीत एक तरी माणूस असा ठेवा, ज्याला वाढणारा मुलगा जाऊन विचारू शकेल. त्याला सगळं पाठ असायची गरज नाही. "थांबा, पाहून सांगतो" एवढं त्याला म्हणता आलं की झालं.

भोजनालयातल्या त्या मावशींकडे मी परवा पुन्हा गेले होते. मालकही होते. मी पाच किलो ज्वारीचं पीठ, घरच्या चक्कीवर दळलेलं, आणि एक नवा लोखंडी तवा सोबत नेला होता. मालकांनी तवा ठेवून घेतला, त्याच्या मुठीला लाल सुतळी बांधली आणि मावशींना सांगितलं की याच्यावर दुसरं काही टाकायचं नाही. रश्शाचं अजून बघायचं आहे, मसाला बाहेरून दळून येतो. त्या मसाल्यावाल्याकडे मी आणि मालक येत्या मंगळवारी जाणार आहोत.

तुमच्यापैकी कोणाला असं काही सुरू करायचं असेल तर दुपारी तीन ते पाच, गर्दी नसते तेव्हा, मी यायला तयार आहे. डब्या वाचायला, गिरणीवाल्याशी बोलायला, भांडी वेगळी काढायला. तवा मी आणीन.

आपली,
एक आई
प्रतापनगर, नागपूर